तात्याचे सोळा शेक

तात्याच्या नाकातून पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा मला ती लाल शाई वाटली, आणि त्यात माझा फारसा दोष नाही. मी शाळेत भूमिती शिकवतो. सहामाहीच्या उत्तरपत्रिका जमिनीवर पसरल्या होत्या, माझं लाल शाईचं पेन गळकं आहे, आणि तात्या नेहमीसारखा 'ब' तुकडीच्या गठ्ठ्यावर हनुवटी टेकून घोरत होता. एका मुलाच्या प्रमेयावर सात-आठ लाल ठिपके दिसले. एवढ्या चुका मीच दाखवल्या असणार असं समजून मी त्याला दहापैकी दोन गुण दिले. मग ठिपके कोऱ्या जागेतही पडायला लागले. कोऱ्या जागेत मुलगा चुकू शकत नाही, हे लक्षात आलं तेव्हा कुठे मी तात्याकडे पाहिलं.

तात्या हा कुत्रा आहे, हे आधी सांगायला हवं होतं. पिल्लू होता तेव्हाच त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या आणि चेहऱ्यावर पेन्शन अडकल्यासारखा भाव होता, म्हणून बायकोने त्याचं नाव तात्या ठेवलं. कुत्रा तिचाच. गेली दहा वर्षं मी त्या दोघांच्या घरात राहतो. बायको हवामान खात्यात आहे. चौदा महिन्यांपूर्वी खात्याने तिची बदली एका डोंगरावरच्या वेधशाळेत केली, तीन वर्षांसाठी. तिथे जायला आगगाडी, मग बस, मग आणखी एक वाहन, ज्याला बस म्हटलं तर खऱ्या बसेसना राग येईल. इथे असताना ती ऑफिसातून सहाला यायची. म्हणून तात्या रोज सहाला दाराशी जाऊन बसतो आणि आठला उठतो. चौदा महिन्यांत त्याने एकही रजा घेतलेली नाही. मीही त्या वेळात त्याच्याजवळ चटई टाकून पेपर वाचतो. पेपर सकाळीच वाचून झालेला असतो, पण दाराशी वारा चांगला येतो.

आठला तिचा फोन येतो. आमचं बोलणं दोन खात्यांमधल्या पत्रव्यवहारासारखं मुद्देसूद असतं. ती तिकडचं तापमान सांगते, मी इकडच्या नळाचं सांगतो. मग ती विचारते, "तात्या?" त्या दिवशी मी म्हणालो, "बरा आहे. थोडी सर्दी झालीय." एवढ्या लांब बसलेल्या माणसाच्या जिवाला उगाच घोर कशाला लावायचा. आमच्या घराण्यात वाईट बातमी कळवायची पद्धतच नाही. ती आपोआप कळते आणि मग सगळे मिळून म्हणतात, आधी का नाही सांगितलंत.

प्राण्यांचं मोठं इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथल्या डॉक्टरबाईंनी तात्याचं डोकं यंत्रात घालून फोटो काढले आणि ते पडद्यावर लावून मला समोर बसवलं. नाकाच्या पोकळीत उजव्या बाजूला एक पांढुरका ढग होता. मला वाटलं, बायको असती तर तिने लगेच त्याचा प्रकार सांगितला असता.

"गाठ आहे," बाई म्हणाल्या. "कॅन्सरची. डोळ्याच्या अगदी जवळ आहे, कापून निघणार नाही. किरण देता येतील. सोळा वेळा, सोमवार ते शुक्रवार, रोज."

"बरा होईल?"

"बरा होईल असं मी म्हणणार नाही. काहीच केलं नाही तर दोन-तीन महिने. किरण दिले तर वर्षभर. पण ते वर्ष चांगलं जाईल. श्वास मोकळा होईल, खाईल, झोपेल."

मी भूमितीचा असलो तरी वजाबाकी येते. छत्तीसातून चौदा गेले, बावीस. बारा आणि बावीस यांच्यामध्ये दहा महिने असे उरत होते की ज्यांत तात्या नसणार होता आणि ती आलेली नसणार होती. त्या दहा महिन्यांत सहा ते आठ मी काय करायचं, असा प्रश्न मला तिथल्या तिथे पडला. कॅन्सर कुत्र्याला आणि काळजी स्वतःची, याची मला लाजही वाटली. पण खोटं कशाला सांगू, पहिला विचार तोच आला.

म्हणून मी अर्ज केला. पुढचं सगळं रामायण त्या अर्जाचं आहे.

बायकोच्या खात्याच्या बदलीच्या नियमांची पुस्तिका टेबलाच्या खणात होती. तीत स्वच्छ लिहिलं होतं की 'कुटुंबातील सदस्याच्या गंभीर आजाराच्या कारणास्तव' मुदतीआधी परत येता येतं. सदस्याला पाय किती असावेत याबद्दल नियम गप्प होते. अडचण एवढीच की बायको असला अर्ज कधी करणार नाही. मी दोनदा सुचवलं होतं. दोन्ही वेळा तिने एकच उत्तर दिलं, "माझ्या जागी कोण जाईल? ती नवी मुलगी, तान्हं पोर काखेत घेऊन?" तेव्हा मी तिच्या वतीने अर्ज भरला. रुग्णाचे नाव, तात्या. वय, दहा. अर्जदाराशी नाते, इथे मी बराच वेळ थांबलो आणि 'घरचा' असं लिहिलं. लक्षणांचा रकाना अगदीच अरुंद होता, म्हणून एक जोडपत्र लावलं. ते दीड पान झालं. खाली 'करिता' असं लिहून माझी सही केली, पाकीट पेटीत टाकलं आणि बायकोला काहीच कळवलं नाही. परत बोलावण्याचा हुकूम हातात पडला की तिचा राग आपोआप जाईल, असा माझा हिशेब होता. माणूस शिक्षक झाला म्हणून शहाणा होतोच असं नाही.

मग शेक सुरू झाले. बाई त्याला किरणोपचार म्हणत, पण आमच्या इमारतीत सगळे शेकच म्हणू लागले. पहिला प्रश्न जाण्याचा. टॅक्सी माझ्याकडे बघून थांबायची आणि तात्याकडे बघून निघून जायची. शेवटी कोपऱ्यावरचा गादीवाला धावून आला. तो रोज सकाळी नव्या गाद्या घेऊन त्याच टोकाला जायचा. "पुढे जागा नाही सर, पण मागे एकदम आराम आहे," तो म्हणाला. अशा रीतीने मी आणि तात्या चार डबल गाद्यांच्या थरावर बसून शहरातून जाऊ लागलो. चौकात गाडी थांबली की आमची उंची बसच्या खिडकीएवढी व्हायची. एकदा माझ्याच वर्गातल्या दोन मुली त्या खिडकीत होत्या. त्यांनी अदबीने नमस्कार केला, आणि मीही गादीवर मांडी घालून तो स्वीकारला.

चौथ्या दिवशी तात्या शिंकला. सगळ्यात वरची गादी पांढऱ्या कापडाची होती. गादीवाला भला माणूस, तो काही बोलला नाही, पण रक्ताचे डाग पडलेली गादी कुणाच्या घरी पोचवणार? ती आमच्या घरी आली. घरात एक डबल गादी होतीच. चौदा महिने तिच्या अर्ध्या भागाला काम नव्हतं, आता दीड गादी बेकार झाली.

दुसरा प्रश्न उपासाचा. किरण चालू असताना हलायचं नसतं, आणि 'हलू नकोस' हे सांगून तात्याने आजवर ऐकलेलं नाही, म्हणून रोज थोडा वेळ भूल द्यावी लागायची. भूल म्हणजे रिकामं पोट. सकाळी मी चहात पाव बुडवला की तात्या समोर येऊन बसे. तो भुंकत नसे, मागत नसे, नुसता बघत असे, आणि पांढऱ्या भुवयांखालून बघणाऱ्या त्या नजरेपुढे घास उतरत नसे. दुसऱ्या दिवशी मी पाव घेऊन न्हाणीघरात गेलो, कडी लावली आणि नळ सोडला. त्याचं नाक बंद असलं तरी कान शाबूत होते. कागद वाजल्याबरोबर दाराखालून एक पंजा आत आला. मग मीही उपास धरला. तिसऱ्या दिवशी इस्पितळात भिंतीवरचा तक्ता वाचता वाचता तक्ताच माझ्याकडे चालत आला. जाग आली तेव्हा मी एका बाकावर आडवा होतो आणि शेजारच्या गाडीवर तात्या आडवा होता. दोघांच्याही जिभा किंचित बाहेर होत्या, असं तंत्रज्ञाने नंतर सांगितलं. तंत्रज्ञ म्हणजे किरणांचं यंत्र चालवणारा, माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचा शांत माणूस. डॉक्टरबाई म्हणाल्या, "उपास पेशंटने करायचा असतो, सर." त्यांनी मला साखरेचं पाणी पाजलं, आणि तेही तात्या शुद्धीवर यायच्या आत घाईघाईने.

गादीवाला मनाने चांगला, पण तोंडाने सैल. आठवड्याच्या आत इमारतीत बातमी पसरली की चौथ्या मजल्यावर किरण आले आहेत. जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली, 'किरणोत्सर्गी जनावर लिफ्टमधून नेण्यास मनाई आहे.' मी सेक्रेटरींकडे गेलो.

"गैरसमज नको, सर," ते म्हणाले. "तात्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण किरण लिफ्टला चिकटले तर?"

"दिवा मालवल्यावर उजेड खोलीत साठून राहतो का?" मी वर्गात विचारतो तसं विचारलं. हे उदाहरण मला डॉक्टरबाईंनी दिलं होतं.

"उजेड नाही, पण काच गरम राहते," सेक्रेटरी म्हणाले.

पदार्थविज्ञान हा माझा विषय नव्हे. मी डॉक्टरबाईंचं पत्र आणलं की उपचारानंतर प्राण्याच्या अंगात किरण राहत नाहीत. सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले की हे कुत्र्याचं झालं, पण तुम्हीही रोज जाता, तेव्हा तुमचंही एक आणा. तेवढ्यात तळमजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर मध्ये पडले. उंटावरचे शहाणे सगळ्याच इमारतींत असतात, आमच्यात ते तळमजल्यावर राहतात. त्यांचं म्हणणं असं की किरण असलेली वस्तू अंधारात चमकते, त्यांच्या जुन्या घड्याळाचे काटे चमकायचे, तेव्हा पत्रबित्र हवं कशाला, कुत्रा अंधारात नेऊन बघावा.

इमारतीत दिवसा अंधार फक्त मीटरच्या खोलीत असतो. संध्याकाळी शाळेतून आल्यावर सेक्रेटरी, कंपाउंडर, समोरच्या काकू, मी आणि तात्या असे पाचजण त्या खोलीत शिरलो. खोली दोन माणसांची आहे. दार लावलं. कंपाउंडर कुणाच्या तरी पायावर उभे होते, बहुधा माझ्याच. सगळे तात्याकडे बघत होते, म्हणजे तात्या जिथे असावा तिकडे बघत होते. मीटर टिकटिक करत होते. तात्या निमूट बसला होता, भुलीने त्याला दिवसभर गुंगी असायची.

तेवढ्यात बाहेर जिन्यावर चपला वाजल्या. बाईच्या, भराभर चढणाऱ्या. तात्या उठला. त्याच्या नाकातून कुंईकुंई असा बारीक आवाज निघाला आणि शेपूट अंधारात सगळ्यांच्या पायांवर आपटायला लागलं, माझ्या, काकूंच्या, सेक्रेटरींच्या. सहा वाजले होते. चपला दाराशी आल्या, पुढे गेल्या, दुसऱ्या मजल्यावर कुलूप उघडल्याचा आवाज आला. शेपूट थांबलं. तात्या खाली बसला. मला अंधाराचे फार उपकार वाटले.

"चमकत नाही," शेवटी सेक्रेटरी म्हणाले. "लिफ्टने न्या त्याला."

सूचना त्याच संध्याकाळी फळ्यावरून निघाली. माझं पत्रही मग कुणी मागितलं नाही.

समोरच्या काकूंचा तात्यावर आधीपासून जीव. मी दुपारी शाळेत असलो की तो त्यांच्याकडे असायचा. इतक्या प्रेमळ बाईंकडून काही नुकसान होईल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तात्याच्या डोक्यावर केस भादरून जांभळ्या शाईच्या खुणा केलेल्या होत्या. रोज त्याच खुणांवर यंत्राच्या लाल रेषा जुळवायच्या आणि मग नेमक्या गाठीवर किरण सोडायचे, अशी ती पद्धत. खुणा पुसायच्या नाहीत, हे मला बजावलं होतं. काकूंना मी बजावलं नव्हतं. सातव्या शेकाच्या संध्याकाळी त्या तात्याला घेऊन दारात आल्या, चेहरा उजळलेला. "पोरांनी रंगवलं होतं हो बिचाऱ्याला. कोमट पाणी आणि साबण लावून स्वच्छ काढलं बघा."

तात्या खरोखर स्वच्छ दिसत होता. एकही खूण उरली नव्हती.

शहाण्या माणसाने इस्पितळात कळवलं असतं. पण आधीच मी तिथे चक्कर येऊन पडलो होतो, आता आणखी काय काय सांगायचं? शिवाय माझ्याकडे पहिल्या दिवशी काढलेला खुणांचा फोटो होता, कंपासपेटी होती, आणि भूमितीत तीस वर्षं गेली होती. तात्याला मांडीवर घेतलं. कर्कटकाने अंतरं मोजली, भुवईपासून मध्यरेषा आखली, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बिंदू घेतले आणि जांभळ्या शाईने बारीक फुल्या केल्या. फळ्यावरसुद्धा माझ्या हातून इतकी नेटकी आकृती क्वचित झाली असेल.

सकाळी तंत्रज्ञाने तात्याचं डोकं त्याच्या मापाने बनवलेल्या साच्यात ठेवलं, रेषा लावल्या आणि तो थांबला. "या खुणा कुणी काढल्या?"

"मी," मी जमेल तेवढ्या नम्रपणे म्हणालो.

"सव्वा सेंटिमीटर चुकल्यात."

"कुठल्या बाजूला?"

"डोळ्याच्या." तो रागावला नव्हता. त्याने तात्याचं डोकं दोन्ही हातांत धरून मला दाखवलं. गाठीने उजवी बाजू फुगली होती, मूळचं नाकही थोडं वाकडं होतं. "तुम्ही दोन्हीकडे सारखं धरलंत. कुत्रा समद्विभुज नसतो, सर."

त्यांनी साच्यावरून आणि जुन्या फोटोंवरून सगळं पुन्हा जुळवलं. तासभर लागला. मी बाहेर बाकावर बसून होतो. त्याने रेषा लावून न बघता माझ्यावर विश्वास टाकला असता तर? तात्याचा उजवा डोळा गेला असता, आणि तोही माझ्या अक्षरासारख्या सुबक फुल्यांमुळे. चौदा महिन्यांत मी एकट्याने घर चालवलं, गळका नळ बदलला, वीजबिलाची भांडणं केली, पण इतका एकटा कधी पडलो नव्हतो. तिला आज सगळं सांगायचं, असं मी ठरवलं. त्या संध्याकाळी आठला फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशीही आला नाही. मी केला तर लागेना. त्याऐवजी शाळेच्या ऑफिसात मला बायकोच्या मुख्य कचेरीतल्या हेडक्लार्कचा फोन आला.

"सर, तुमचा अर्ज पोचला," ते म्हणाले. सरकारी कागद एरवी महिनोन्‌महिने हलत नाही, पण त्यात हसण्यासारखं काही असलं की त्याला पाय फुटतात. "साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी वाचला. जोडपत्र दोनदा वाचलं. खुलाशासाठी मी काल सकाळी बाईंना वेधशाळेत फोन केला. त्यांना आजाराचं काहीच माहीत नव्हतं का हो?"

त्या दिवशी मी आठवीच्या वर्गात वर्तुळाला चार बाजू असतात असं सांगितलं आणि मुलांनी ते लिहूनही घेतलं.

दहावा शेक शुक्रवारी होता. तात्याला भुलीतून जाग येत होती. मी त्याच्या गाडीजवळ उभा होतो, तेवढ्यात दारातून बायको आत आली. खांद्याला पिशवी, केसांवर दोन दिवसांच्या प्रवासाची धूळ. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तात्याला खाली उतरवून घेतलं, फरशीवर बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. उजव्या गालावरचे केस झडले होते, कातडी गुलाबी झाली होती. तिने तिथे बोट लावलं नाही, कानामागे ठेवलं. त्याला वास येत नव्हता, डोळे धड उघडत नव्हते. ती त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. शेपूट एकदा फरशीवर आपटलं, मग पुन्हा एकदा. मग त्याने समाधानाने तिच्या मांडीवर लघवी केली. ती तशीच बसून राहिली.

बऱ्याच वेळाने तिने वर पाहिलं. "सर्दी ना?" ती म्हणाली.

घरी आल्यावर, तात्या झोपल्यावर, तिने पिशवीतून खात्याचं पत्र काढलं. 'सदर रुग्ण कुटुंबाच्या व्याख्येत बसत नसल्याने विनंती अमान्य.' तिने स्वतः मागितलेली बारा दिवसांची रजा मात्र मंजूर झाली होती. पत्राला माझं जोडपत्र टाचलेलं होतं. ती ते मोठ्याने वाचायला लागली.

"'जेवणात लक्ष नाही. जिन्यात पाऊल वाजलं की उठतो. पलंगाच्या त्या बाजूला झोपत नाही आणि चादरही बदलू देत नाही. फोनवर तिकडचं तापमान ऐकलं की रात्र बरी जाते.'" तिने कागद खाली ठेवला. "ही कुणाची लक्षणं?"

"तात्याची."

"तात्या फोनवर तापमान ऐकतो?"

आणखी सांगायचं ते सगळं जोडपत्रात होतं.

"हसले तर हसू देत," ती म्हणाली. "पण तात्याला कॅन्सर आहे हे मला हेडक्लार्कने वाचून दाखवलं. खुलासा द्या म्हणाले. मी काय खुलासा देणार होते?" मी चुकलो, असं म्हणालो. हे वाक्य मी लग्नानंतर फारसं वापरलेलं नाही, त्यामुळे ते जरा वाकडंच निघालं, पण तिने ते घेतलं.

उरलेले सहा शेक आम्ही तिघांनी गाद्यांवर बसून केले. तात्याच्या तोंडाला फोड आले तेव्हा ती त्याला बोटाने पातळ भात भरवायची. काकूंना तिने खुणांचं समजावून सांगितलं, काकू रडल्या, मग दोघींनी चहा घेतला. पहिल्या संध्याकाळी सहाला तात्या दाराशी गेला, वळून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं. त्याचा हिशेब जुळेना. शेवटी तो दोन्हींच्या मधोमध बसला आणि आठला उठला. माझंही जवळजवळ तसंच चाललं होतं. ती स्वयंपाकघरात असताना मला तिचा फोन यायचा राहिला आहे असं वाटायचं.

सोळाव्या शेकानंतर डॉक्टरबाईंनी नवा फोटो दाखवला. ढग पुष्कळ विरला होता. तात्या आता तोंड मिटून झोपत होता, घोरणं बंद झालं होतं. तीन महिन्यांनी परत दाखवा म्हणाल्या, आणि वर्षाचं जे आधी बोलल्या होत्या ते त्यांनी बदललं नाही.

रजा संपली. स्टेशनवर आम्ही तिला पोचवायला गेलो, मी आणि तात्या. ती खिडकीशी बसली, तात्या फलाटावर माझ्या पायाशी.

"बदली मी मागणार नाही," ती म्हणाली. "त्या मुलीचं पोर अजून चालतसुद्धा नाही."

"नको मागूस." मी समोरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "तू नसलीस की मला करमत नाही."

"ते साऱ्या खात्याला माहीत आहे." ती हसली, आणि मग हसायची थांबली. "चौदा महिन्यांत मी दोनदा आले. हे तिसऱ्यांदा. मला परत आणायला तुम्ही सरकारला दीड पान लिहिलंत. पण मी तिकडे येऊ का, असं एकदा तरी विचारलंत?"

"तात्याला सोडून कसा..."

"तात्यालाही आणायचं. त्याच्याजवळ वर्ष आहे ना? ते त्याने दाराकडे बघत का घालवायचं?"

खरं उत्तर असं होतं की मला ते सुचलंच नव्हतं. घर इथे होतं. ती गेली होती, आणि जो जातो त्याने परत यायचं असतं. बायकोच्या नोकरीच्या गावी जाऊन राहिलेला नवरा मी आमच्या घराण्यात पाहिलेला नाही. म्हणून इतके दिवस मी वाट बघितली, आणि वाट बघण्यालाच प्रेम समजून बसलो.

"क्वार्टरमध्ये एकट्या माणसाला एक खाट, एक टेबल, एक खुर्ची मिळते," ती सांगत होती. "पहिल्याच आठवड्यात मी दुसऱ्या खुर्चीची मागणी केली. स्टोअरवाल्याने लेखी कारण मागितलं. मी लिहून दिलं, यजमान येणार आहेत. खुर्ची आली. आता निघताना तो विचारत होता, बाई, वापरात नसेल तर परत नेऊ का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, थोडं थांबा."

गाडी हलली. मी आणि तात्या खिडकीबरोबर चालू लागलो. काहीतरी मोठं बोलायला हवं होतं, आणि तोंडातून निघालं ते असं, "हातांची आहे की बिनहातांची?"

"हातांची," ती खिडकीतून म्हणाली. "तुमचा गुडघा दुखतो ना, उठताना टेकायला लागतं."

शाळेत वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज दिलाय, या वेळी तिला कळवून. तात्या आणि मी येत्या शनिवारी निघतोय.